मान धर फक्त

रविवार, ३ तारीख

ताईस,

हो, मी पळपुटा. घे, माझ्याच हाताने लिहून दिलं, आता पुढच्या फोनला तुला म्हणायचे कष्ट नकोत. पळपुटा, आयतोबा, आणि तिसरं काय म्हणालीस ते तू फोन आपटलास म्हणून अर्धंच ऐकू आलं. तेही असेनच. पण सुट्टी मिळत नाही म्हणजे मिळत नाही. मुकादम म्हणजे काही दाजी नव्हे, की तू डोळे वटारलेस आणि तो उठून चहा टाकायला गेला.

पत्राला कारण की, फोनवर आपलं बोलणं तीन मिनिटांच्या पुढे भांडणाशिवाय जात नाही. आणि तुमचा फोन आईच्या खाटेला लागून. ती पडल्या पडल्या सगळं ऐकते.

तू बरी असशील. दाजी बरे असतील. आई आहे तशी असेल. मी ठीक.

काम चालू आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात, मी अजून गरम रुळावरच आहे. ओली चादर दोघांनी ताणून रुळात घालायची, पलीकडून वाळून निघाली की दोघांनी झेलून घडी करायची. माझा जोडीदार लांब्या, खोलीतही माझ्या शेजारीच झोपतो. तो एवढा उंच की चादरीचं त्याचं टोक वर आणि माझं खाली. घडी तिरकी येते. मुकादम म्हणतो, "चादर घडी करताय की घाट बांधताय?" माझ्या बोटांची टोकं भाजून भाजून निबर झालीत. गरम-गार काही कळत नाही. सोयीचं आहे.

दुसरी बातमी म्हणजे मास्तरीण आजारी आहे. तुला सांगितलं नव्हतं बहुतेक. बॉयलरच्या भिंतीमागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे आम्ही चौघांनी मिळून चार कोंबड्या पाळल्यात, अंड्यांसाठी. भिंत उबदार असते, त्यांना बरं. मास्तरीण त्यांच्यातली थोरली. मान ताठ, पावलं मोजून टाकणार, आणि एका डोळ्याने असं बघणार की आपण गृहपाठ केला नाही हे तिला आधीच कळलंय. मी शाळा सोडली ती असल्याच एका बाईंमुळे, आणि इथे येऊन हिला दाणे घालतोय.

मंगळवारी तिची मान डावीकडे कलली. बुधवारी डोकं पार उलटं होऊन पायांत गेलं, स्वतःच्या पोटाखाली काही हरवलंय आणि ती शोधतेय असं. दाणा टिपायला जाते तर चोच बोटभर बाजूला पडते. पुढे जायला निघते आणि मागे जाते. मग गरागरा फिरते आणि कलंडते. लांब्या म्हणाला, "तुझी ताई तुला भिंगऱ्या म्हणते ना? ही बघ, तुझ्यावर गेलीय."

मुकादम आला, बघितलं, म्हणाला, मानमोडी आहे. एकीला लागली की सगळं खुराडं साफ होतं. "आजच्या आज मान पिरगाळ, नाहीतर चारही जातील." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण मला कोंबड्यांमधलं कळतं असं मीच सांगून ठेवलंय. आईच्या तीस-तीस कोंबड्या असायच्या, मी त्यांच्यातच वाढलो, वगैरे.

मी तिला उचललं. मान धरली. लांब्या तोंड फिरवून उभा राहिला. एवढा ताडमाड माणूस, पण रक्त नसलं तरी त्याला बघवत नाही.

मी काही केलं नाही. खोक्यात ठेवली आणि कामाला लागलो.

एवढंच. ऑपरेशन बावीसला आहे, नंतर सहा आठवडे तुला वजन उचलायचं नाही, म्हणजे आईलाही उचलायचं नाही, हे मला समजलंय. मी बहिरा नाही. एखादी बाई ठेव दिवसभराची. पैसे मी वाढवून पाठवतो. माझं येणं जमणार नाही.

तुझा
भिंगऱ्या


रविवार, १० तारीख

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पाकिटाला तिकीट लावलंस त्याची किंमत तरी वसूल करायची.

"कोंबडीची मान धरायला वेळ आहे, आईची धरायला नाही." बरोबर आहे. लांब्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या ताईला आमच्याकडे मुकादम करा."

आईचं लिहिलंस ते पुन्हा पुन्हा वाचलं. की आता तिचा शब्द पुरा होत नाही. पाण्याला नुसतं 'पा', तुला 'ता', आणि बाकीचं तू जुळवून घेतेस. तू जुळवशीलच. मी तिथे असताना ती निदान पुरतं नाव घ्यायची, हळू, पण पुरतं. नसांचा आजार पुढेच जाणार, मागे येणार नाही, असं डॉक्टर म्हणालेच होते.

मास्तरीण जिवंत आहे. चादरी येतात त्या खोक्यात ठेवलीय. एका फाटक्या टॉवेलची चुंबळ केली आणि तिच्यात बसवली, म्हणजे कलंडत नाही. डोकं चुंबळीच्या काठावर टेकतं. चहाच्या सुट्टीत आणि जेवणाच्या सुट्टीत तिला भरवायचं. अंडं उकडून बलक कुस्करायचा, पाण्यात भिजवायचा आणि चोचीशी धरायचा. लांब्या म्हणतो, "अंडं तिच्या मैत्रिणीचं, खाणार ही, उकडणार तू, आणि भुकेला कोण? मी."

बुधवारी तिला दवाखान्यात नेलं. जनावरांचा सरकारी दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, टायरच्या दुकानामागे. उशीच्या अभ्र्यात घातली, डोकं तेवढं बाहेर. रांगेत माझ्यापुढे एक कुत्रं आणि एक शेळी. डॉक्टर दौऱ्यावर होते. कंपाउंडर बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला.

"काय आणलंय, उशी?"

"कोंबडी. मानमोडी झालीय."

"तू डॉक्टर का?"

"नाही. मुकादम म्हणाला."

"मग तो डॉक्टर असेल. बाकीच्या कोंबड्या कशा आहेत?"

"तिघी आहेत. खातात-पितात."

"शिंकतात? हिरवी हगवण?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"आठ."

"मानमोडी असती तर एव्हाना तू एकटाच उरला असतास. काय घालता खायला?"

म्हटलं, पावाचे तुकडे, उरलेला भात.

"वर्षभर तेच? माणसाला घातलं तर माणसाचीही मान वाकडी होईल."

"आम्हीही तेच खातो."

"मग आरशात बघ एकदा."

अंगात काहीतरी कमी पडलंय म्हणाल्या. नसांना लागतं ते. थेंबाची बाटली दिली, दिवसातून दोनदा. मी विचारलं, मान सरळ होईल का. म्हणाल्या, होईल किंवा होणार नाही, लिहून कुणी देत नाही, पण मान वाकडी असली म्हणून जगता येत नाही असं नाही. मग म्हणाल्या, "पाणी कसं पाजतोस ते दाखव."

दाखवलं. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. चांगली जोरात.

ते राहू दे.

ताई, आईला पाणी कोण पाजतं? तूच ना? दाजी नाही ना पाजत? उशी घेऊन पाजतेस की बसवून? बाई ठेवलीस तर ती कशी पाजेल?

उगाच विचारलं. तब्येत सांभाळ. ऑपरेशनला घाबरू नकोस, दवाखान्याच्या चादरी मी रोज बघतो, बहुतेक स्वच्छच येतात.

भिंगऱ्या


बुधवार, १३ तारीख

ताई,

तुझ्या उत्तराची वाट बघितली तर हे लिहून होणार नाही, म्हणून आजच लिहितोय. हे पत्र आईजवळ बसून वाचू नकोस. न्हाणीत जा. तुला रडायचं असतं तेव्हा तू नळ सोडून तिथेच जातेस, मला माहीत आहे.

मागच्या पत्रात चापट राहिली.

मी मास्तरणीला पाणी असं पाजत होतो: मांडीवर घ्यायची, मान धरायची, डोकं मागे करायचं, चोच वर, आणि कडेने थेंब थेंब सोडायचा. अशक्त पिल्लाला असंच पाजतात. आईनेच शिकवलं होतं मला, मी सहा-सात वर्षांचा असेन. पिल्लू चोच वर करून गिळतं, त्याला करता येत नसेल तर आपण करून द्यायची. माझ्या हातची बरीच पिल्लं जगली. आई शेजारणींना सांगायची, याचा हात हलका आहे.

कंपाउंडर बाई म्हणाल्या, "धडधाकट असेल तर चालून जातं. हिच्या नसाच गेल्यात. हिला गिळायचं कधी ते कळत नाही. डोकं मागे केलंस की पाणी थेट श्वासात जाईल. आठ दिवस वाचली ते तिचं नशीब. मान खाली ठेव. चोच पाण्याला लाव. पिऊ दे तिची तिला."

मग म्हणाल्या, "माणसालाही तसंच. आमच्या सासूबाईंना तसंच पाजायचो शेवटी. हनुवटी छातीकडे."

मी बरं म्हटलं. बाटली घेतली, अभ्रा उचलला, बाहेर आलो. मला काही वाटलं नाही. दुपारी कामावर होतो, तीनशेच्या वर चादरी काढल्या. लांब्या म्हणाला, आज तुझ्या घड्या सरळ येतायत.

आता ते सांगतो.

गेल्या वर्षी तू बँकेत गेली होतीस, आईच्या पेन्शनच्या कागदावर सही घ्यायची होती म्हणून. चप्पल घालता घालता मला म्हणालीस, "तहान लागली तर पाणी दे तिला. काही अवघड नाही. मान धर फक्त." मी खिडकीत उभा होतो. तोपर्यंत तिला पाणी पाजायची माझ्यावर वेळच आली नव्हती. तूच करायचीस सगळं. मी बाहेरची कामं, धावपळ. तू म्हणायचीस ना, याला बसायला सांगितलं की याच्या बुडाला मुंग्या लागतात.

तिने पाणी मागितलं. मी पेला घेतला. तिची मान डळमळत होती, डावीकडे कलत होती. मी धरली. आणि मागे केली. हनुवटी वर. कडेने पाणी सोडलं. हलक्या हाताने. मी काही घाई केली नाही ताई, एवढं खरं मान. घाई केली असती तर बरं, निदान घाई केली म्हणून म्हणता आलं असतं.

तिचा हात माझ्या मनगटावर आला. हलत होता. तिचा हात हलतोच. मला वाटलं नेहमीचंच आहे. मी पाणी सोडत राहिलो.

ती मला ढकलत होती.

मग ती निळी पडली. मी पाठीवर थापा मारल्या, पालथी केली, खाकरून थोडं बाहेर आलं. श्वास आला. तू परत आलीस तेव्हा ती पडून होती आणि मी जमीन पुसत होतो. तू विचारलंस काय झालं. मी म्हटलं, ठसका लागला होता जरा.

दुसऱ्या दिवशी ताप. मग दवाखाना, अकरा दिवस. छातीत पाणी झालं म्हणाले. आणि त्यानंतर ती पहिल्यासारखी बसली नाही, ते तू बघतेच आहेस.

त्या अकरा दिवसांत तू प्रत्येकाला सांगत होतीस, माझ्याच हातून झालं, सकाळी मी तिचे केस धुतले होते, ओल्या केसांनी गार लागलं तिला. डॉक्टरांना सांगितलंस, नर्सला सांगितलंस, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलंस. मी प्रत्येक वेळी तिथेच होतो. डबा धरून उभा.

अजून फोनवर सांगतेस की आता पंधरा-पंधरा दिवसांनी धुतेस, भर दुपारी, उन्हाला बसवून.

केसांचं काही नव्हतं ताई. धू तिचे केस. पाहिजे तेव्हा धू.

तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू औषधं आणायला गेलीस आणि आम्ही दोघंच होतो. मी तिच्यापासून लांब, दारापाशी बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तोंड हलवत राहिली बराच वेळ, आणि म्हणाली, "जा."

पुरतं ऐकू आलं. जा.

आठवड्याच्या आत मी इथे होतो. तुम्हाला सांगितलं पगार चांगला आहे. पगार काही एवढा चांगला नाही.

आता तू लिहितेस तिचा शब्द पुरा होत नाही. पाण्याचं 'पा'. मला वाटत होतं तेव्हा व्हायचा. पण त्या दिवशी ती नुकतीच दवाखान्यातून आली होती, नळी काढून दोन दिवस झाले होते, घसा सोललेला. मग ते 'जा' होतं की 'जाऊ दे' होतं? पाच दिवस दोन्ही म्हणून बघतोय. रुळावर उभा राहून मनातल्या मनात म्हणतो. तोंड हलत असावं, कारण लांब्याने विचारलं, "कुणाला शिव्या घालतोयस?"

मला माहीत नाही. ते तिलाच विचारायला पाहिजे. आणि ती सांगू शकेल की नाही, तेही माहीत नाही.

तू तिला पाजतेस ते मी पाहिलंय. तू तिला खांद्याला टेकवतेस, थोडी पुढे वाकवतेस, आणि घोट गेला का बघतेस, मगच दुसरा देतेस. तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू तिच्याकडे बघून पाजतेस. मी पिल्लाकडे बघून पाजलं. बाई ठेवलीस तर तिला हे आधी सांग. डोकं मागे नाही. हनुवटी छातीकडे. पेला वर नाही करायचा, लहान चमचा. आणि आईने मनगटाला हात लावला तर थांबायचं. काहीही झालं तरी थांबायचं.

मास्तरीण आता चुंबळीशिवाय उभी राहते. मान सरळ झाली नाही. डावीकडेच कललेली आहे, जगाकडे तिरकं बघते, कुणी दचकवलं की अजून दोन गिरक्या घेते आणि बसते. पण मी वाटी जमिनीवर ठेवतो, मानेखाली फक्त हात ठेवतो, जोर नाही लावत, आणि ती चोच बुडवते आणि स्वतःच वर करते. पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धं पाणी माझ्या बाहीवर. मुकादम अजून म्हणतो, कशाला सांभाळताय, अंडं देणार नाही ती. काल त्यानेच घरून मक्याचा भरडा आणला आणि खोक्याशेजारी ठेवून गेला.

लांब्याला शिकवून ठेवलंय, थेंब कधी, पाणी कसं. तो वाकला की त्याचं डोकं कुठे आणि कोंबडी कुठे. जमेल त्याला.

सुट्टी मी मागितलीच नव्हती, ताई. काल मागितली. दोन महिने बिनपगारी. मुकादमाने विचारलं कशासाठी, म्हटलं आई. तो म्हणाला, "मग आधी का नाही बोललास?" सही केली.

एकोणीस तारखेचं तिकीट काढलंय. पण हे सगळं वाचून तुला वाटलं की याच्या हातात आईला द्यायची नाही, तर तसं सांग. तसं वाटलं तर ते बरोबरच आहे. मी रागावणार नाही, रागावायला मला तोंड नाही. तिकीट परत करीन, थोडे कापून घेतात, तू बाई ठेव. आणि ये म्हणालीस, तर ऑपरेशनआधीचे दोन दिवस तू शेजारी बसायचं आणि मी पाजायचं, आणि चुकलो तर चापट मारायची.

अठरापर्यंत फोन कर. भांडू नकोस, समजावू नकोस, आई ऐकत असेल. एकच शब्द बोल. ये किंवा नको. मी काहीच बोलणार नाही, मला कळेल.

तिला सांगू नकोस मी हे लिहिलंय. तिला माहीतच आहे.

तुझा
भिंगऱ्या

दर महिन्याला सहा हजार असतात. या वेळी तिकिटाचे कमी झालेत, तरी मोजून घे: चार हजार शंभर.